निष्ठेचे मोल : हॉटेल, पॉइंट आणि आपली खातेवही

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिंडोरी मुक्कामी दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी या वर्षीच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय शोधण्यास आम्हांस दूर जावे लागले नाही. गेली काही वर्षे समाजात वधूवर-मेळावा असो, साखरपुडा असो किंवा बारसे असो, तरुण मंडळी एकत्र बसली म्हणजे एक बोलणे हमखास निघते. अमुक बँकेचे कार्ड घेतले की तमुक हॉटेलात एक रात्र फुकट मिळते, इतके पॉइंट साठले की गोव्याची सहल पदरात पडते, असा तो संवाद असतो. वडीलधारी मंडळी हे ऐकतात आणि गप्प बसतात, कारण त्यांतील निम्मे शब्द त्यांच्या परिचयाचे नसतात. घरातील पैशाचा व्यवहार मुलास कळावा आणि बापास कळू नये, ही स्थिती कोणत्याही कुटुंबास हितकर नव्हे. म्हणून आज हाच विषय आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत. आम्ही बँकेच्या कारभारातील तज्ज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर मुलांना सरळव्याजाची व नफातोट्याची उदाहरणे घालणारे शिक्षक आहोत. आणि या विषयास त्याहून अधिक गणित लागतही नाही.

प्रथम थोडे मागे वळून पाहू. आपल्या पूर्वजांचा प्रवास बहुधा यात्रेचा असे. गोदास्नानासाठी नाशिकास किंवा त्र्यंबकेश्वरास गेलेला माणूस आपल्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडे उतरे. उपाध्याय आडनाव आणि गाव विचारीत, जुनी वही उघडीत, आणि आजोबा-पणजोबा कोणत्या साली येऊन गेले ते वाचून दाखवीत. अनोळखी गावात आपल्याला कोणी ओळखतो, हा त्या यात्रेकरूस केवढा दिलासा असे! पुढे धर्मशाळा झाल्या. श्रीगाडगेमहाराजांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू या ठिकाणी त्या उभारल्या. निरनिराळ्या ज्ञातींनीही आपापल्या लोकांच्या सोयीसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांचे उपकार मोठे आहेत; तथापि आपल्या माणसासाठी उघडणारे दार दुसऱ्यासाठी बंद होत असे, हेही सत्य येथे सांगितले पाहिजे. दाम देईल त्याला खोली, ही हॉटेलाची रीत या दृष्टीने निश्चितच पुढचे पाऊल होती. आणि भारतीय राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने हॉटेल व सार्वजनिक उपाहारगृह यांत जातीच्या कारणाने कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्टच सांगून टाकले.

मुंबईत जमशेटजी टाटा यांचे ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झाले. ते राजेरजवाड्यांचे व धनिकांचे. मराठी माणसाचा मुंबईतील मुक्काम सरदारगृहासारख्या ठिकाणी असे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांनी देह ठेवला तो याच सरदारगृहात. आपल्या दिंडोरीकडे मात्र हॉटेल म्हणजे चहा-भज्यांचे दुकान हाच अर्थ पुष्कळ काळ रूढ होता, आणि मुक्कामाच्या जागेस लॉज म्हणत. आज चित्र पालटले आहे. येथून सुमारे पंचवीस किलोमीटरवर नाशिक शहरात ताज समूहाचे, मॅरियटचे आणि इतर मोठ्या नावांची हॉटेले उभी आहेत. द्राक्षबागा पाहण्यास आणि वाइनरीत मुक्काम करण्यास मुंबई-पुण्याचे लोक येतात. अयोध्या, तिरुपती, शिरडी, नाशिक अशा क्षेत्रांच्या ठिकाणी मोठमोठ्या कंपन्यांची हॉटेले निघणे, ही या धंद्यातील अलीकडची मोठी घडामोड आहे. यात्रेकरू तोच आहे. त्याची ऐपत आणि अपेक्षा वाढली आहे.

आता हे हॉटेलवाले आपल्याला फुकट रात्र का देऊ करतात, हे समजून घेऊ. आपण द्राक्षे पिकवणारे लोक, म्हणून द्राक्षाचाच दाखला घेऊ. बाजार पडला तर द्राक्षाचा निदान बेदाणा करता येतो. हॉटेलच्या खोलीचे तसे नाही. आजची रात्र रिकामी गेली की ती गेली. ती उद्या विकता येत नाही. खोलीचे भाडे रोज, कित्येकदा दिवसातून अनेक वेळा, बदलते त्याचे कारण हेच. गर्दी असेल तेव्हा चढा दर, ओस असेल तेव्हा उतरता. शिवाय इंटरनेटवरून परस्पर खोल्या विकणारे मध्यस्थ प्रत्येक गिऱ्हाइकामागे दलाली घेतात. तेव्हा गिऱ्हाईक मध्यस्थाकडे न जाता थेट आपल्याकडे यावे, आणि दर वेळी आपल्याकडेच यावे, यासाठी जी योजना निघाली तिला लॉयल्टी योजना, म्हणजे निष्ठेची योजना, असे नाव पडले. अमेरिकेत १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्स या विमान कंपनीने आणि १९८३ साली हॉलिडे इन व मॅरियट या हॉटेल कंपन्यांनी अशा योजना सुरू केल्या. उपाध्यायांच्या वहीचे काम आता यंत्र करते. मात्र त्या वहीत आपले नाव असे, आणि या वहीत आपला खर्च असतो.

यापुढची पायरी क्रेडिट कार्डाची. आपल्या देशात सेंट्रल बँकेने १९८० साली क्रेडिट कार्ड आणले. २०२४ च्या प्रारंभी देशातील क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींच्या वर गेली. बँक हॉटेल कंपनीकडून पॉइंट विकत घेते आणि कार्डधारकास वाटते. बँकेकडे हा पैसा कोठून येतो? दुकानदाराकडून प्रत्येक व्यवहारामागे मिळणाऱ्या हिश्श्यातून, कार्डाच्या वार्षिक फीमधून, आणि थकबाकीवरील व्याजातून. यांतील पहिला पैसा आपल्याला दिसत नाही, दुसरा थोडा असतो, आणि तिसरा घर बुडवू शकतो. हे तीन ओघ ज्याने ध्यानात ठेवले त्याला हा विषय बहुतांशी समजला असे म्हणण्यास हरकत नाही.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सोडवू. ऑगस्ट २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेने मॅरियट बॉनव्हॉय या योजनेचे कार्ड काढले. त्या वेळी जाहीर झालेल्या अटी अशा होत्या : वार्षिक फी ३,००० रुपये व त्यावर कर, दरवर्षी एका रात्रीचे प्रमाणपत्र, जे १५,००० पॉइंटांपर्यंतच्या खोलीस चालते, आणि किरकोळ खर्चावर दर १५० रुपयांस २ पॉइंट, प्रवास व भोजनावर ४, तर मॅरियटच्या हॉटेलात ८. अशा अटी वरचेवर बदलतात, तेव्हा अर्ज करतेवेळी त्या पुन्हा वाचाव्यात. आम्हांस येथे सांगावयाची आहे ती रीत.

फी ३,००० आणि १८ टक्के कर ५४० मिळून ३,५४० रुपये झाले. समजा, आपल्याला खरोखरच एका गावी राहावयाचे आहे, तेथील खोली ७,००० रुपयांची आहे, आणि ती १५,००० पॉइंटांत मिळते. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीस ५ टक्के कर आहे. म्हणजे रोखीने ७,३५० रुपये पडले असते. फी वजा जाता ३,८१० रुपयांचा लाभ झाला. हा लाभ खरा आहे, आणि तो घेणाऱ्यास आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु ज्या गृहस्थाने एरवी २,००० रुपयांच्या स्वच्छ लॉजमध्ये समाधानाने मुक्काम केला असता, त्याने काय केले? २,००० रुपयांची गरज भागवण्यास ३,५४० रुपये मोजले. खोली मोठी मिळाली हे खरे. पण बचत झाली असे तो सांगू लागला तर ते गणित चुकले. शिवाय दुपारच्या जेवणाचे, चहाचे आणि कपडे धुण्याचे दर त्या मोठ्या खोलीस शोभतील असेच असतात!

आता पॉइंट पाहू. ७,३५० रुपयांची खोली १५,००० पॉइंटांत मिळाली, म्हणजे एका पॉइंटाचे मोल ४९ पैसे झाले. वर्षभरात किराणा, कपडे, शाळेचे साहित्य मिळून दीड लाख रुपये कार्डाने खर्च केले, तर २,००० पॉइंट जमतात. त्यांची किंमत ९८० रुपये. दीड लाखावर ९८० म्हणजे शेकडा एक रुपयासुद्धा नव्हे, सुमारे ६५ पैसे. जो खर्च होणारच होता त्यावर हे मिळाले तर ते घ्यावे. पण ९८० रुपयांच्या आशेने पाच हजारांची अनावश्यक खरेदी केली तर तो व्यवहार शहाणपणाचा म्हणता येणार नाही.

हे ४९ पैसेही स्थिर नाहीत. कोणत्या हॉटेलास किती पॉइंट लागतील याचे ठरीव कोष्टक मॅरियटने मार्च २०२२ च्या अखेरीस काढून टाकले. तेव्हापासून पॉइंटांची मागणी दराप्रमाणे चढते-उतरते. म्हणजे पॉइंट हे असे नाणे आहे, की त्याची टांकसाळही त्यांची आणि भावही तेच ठरवणार. याउलट टाटा समूहाच्या योजनेत एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया असा सरळ हिशेब आहे. सामान्य कुटुंबास असा हिशेब समजण्यास सोपा पडतो. पॉइंट कोणतेही असोत, साठवून ठेवण्यात अर्थ नाही. बँकेतील ठेवीवर व्याज मिळते. पॉइंटावर व्याज तर नाहीच, उलट मॅरियटच्या योजनेत चोवीस महिने खात्यावर काही हालचाल न झाल्यास ते बुडतात.

आता जे बोलण्यासाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो ते सांगतो. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर अनेक बँका दरमहा साडेतीन ते पावणेचार टक्के व्याज लावतात. हा वर्षाचा दर नव्हे, महिन्याचा आहे. वर्षाचा होतो बेचाळीस ते पंचेचाळीस टक्के. तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. परंतु २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हा कायदा आपल्याला या दरापासून वाचवील या भरवशावर कोणी राहू नये. दीड लाखाचे बिल थकले आणि दर ३.६ टक्के धरला, तर एका महिन्याचे व्याज ५,४०० रुपये, त्यावर १८ टक्के कर ९७२, एकूण ६,३७२. वर दीड लाखाच्या खर्चावर वर्षाचे ९८० रुपये पॉइंट आपण काढले होते. म्हणजे सहा वर्षे इमानाने जमवलेले पॉइंट एका महिन्याची थकबाकी गिळून टाकते. मुलांनो, हे उदाहरण घरी जाऊन स्वतः सोडवून पाहा.

यातील फसगत होते ती ‘किमान देय रक्कम’ या शब्दांपाशी. आमच्या हाताखाली शिकलेल्या, पुण्यास चांगल्या पगारावर असलेल्या एका मुलाने घरातील लग्नाचा खर्च कार्डावर केला. पॉइंट भरपूर मिळतील हा त्यातील हेतू होता आणि ते मिळालेही. पुढे दरमहा तो किमान रक्कम भरत राहिला, आणि आपण नियमाने भरतो आहोत असे समजत राहिला. किमान रक्कम भरल्याने विलंबाचा दंड टळतो. व्याज टळत नाही. इतकेच नव्हे, बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. अखेर त्या वर्षीच्या द्राक्षाचे पैसे वडिलांनी त्या खात्यात भरले. ज्या पैशातून बागेची औषधे आणि धाकट्या बहिणीची फी व्हावयाची, तो पैसा असा गेला. मुलगा वाईट नव्हता, व्यसनी नव्हता, गणितात कच्चाही नव्हता. बिलावरील एक ओळ त्याने वाचली नव्हती, आणि घरात कोणी त्याला विचारले नव्हते. म्हणून वडील मंडळींस आमची विनंती आहे, की मुलाचा पगार जसा कौतुकाने विचारता, तसे त्याचे कार्डाचे बिलही मायेने विचारीत जा.

मग कार्ड घ्यावे की न घ्यावे? आम्ही दोन्ही टोकांस जात नाही. ज्यांस घ्यावयाचे आहे त्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात, म्हणजे दिलेल्या पैशाचा मोबदला पदरात पडेल.

पहिली गोष्ट, कार्ड घेण्यापूर्वी मागील दोन वर्षांत आपण कोठे व किती रात्री हॉटेलात राहिलो याची यादी करावी. त्या यादीत त्या कंपनीचे हॉटेल एकदाही नसेल, तर ते कार्ड आपल्यासाठी नव्हे. दुसरी, पूर्ण बिल मुदतीपूर्वी आपोआप भरले जाईल अशी सूचना बँकेस देऊन ठेवावी. तिसरी, फुकट रात्रीच्या प्रमाणपत्राची मुदत भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. पुष्कळांची रात्र वापरावाचून सरते. चौथी, ते प्रमाणपत्र गर्दीच्या दिवसांसाठी राखून ठेवू नये. जाहीर झालेल्या कार्यक्रमाप्रमाणे नाशिक-त्र्यंबकेश्वरचे सिंहस्थ पर्व ३१ ऑक्टोबर २०२६ च्या ध्वजारोहणाने सुरू होऊन मुख्य स्नाने ऑगस्ट व सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. अशा पर्वकाळी खोलीस लागणारे पॉइंट मर्यादेबाहेर जाण्याचाच संभव अधिक. उलट गर्दी नसलेल्या दिवसांत तेच प्रमाणपत्र चांगल्या खोलीस चालून जाते. पाचवी, खोली शक्यतो हॉटेलाच्या स्वतःच्या ठिकाणावरून आरक्षित करावी. मध्यस्थामार्फत घेतल्यास बहुधा पॉइंट मिळत नाहीत. मात्र दोन्हीकडचा दर आधी ताडून पाहावा. सहावी, चांदी-सोन्याच्या नावांच्या दर्जांनी भुलून जाऊ नये. वर सांगितलेल्या कार्डाबरोबर ‘सिल्व्हर’ दर्जा मिळतो. त्यात फुकट न्याहारी नाही. सातवी, न मागता कोणी कार्ड पाठवले तर ते स्वीकारण्याचे बंधन नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे असे कार्ड देणेच बँकेस मना आहे. आणि बाकी नसलेले कार्ड बंद करण्याची विनंती केल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद न केल्यास बँकेने दररोज ५०० रुपये द्यावेत असा नियम आहे. बँकेने तीस दिवसांत तक्रारीची दाद न घेतल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

आणखी एक गोष्ट आपल्यातील लॉज, मंगल कार्यालय किंवा कृषी पर्यटन चालवणाऱ्या बांधवांसाठी. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले आहे, आणि सप्तशृंगीच्या गडास जाणारा भाविक आपल्याच रस्त्याने जातो. मोठ्या कंपन्यांप्रमाणे पॉइंट वाटणे आपणांस जमणार नाही, आणि त्याची जरुरीही नाही. त्या योजनांतील खरा गाभा एवढाच, की आलेल्या पाहुण्याची आठवण ठेवावी. मागील खेपेस त्याच्याबरोबर म्हातारी आई होती आणि तिला जिना चढवत नव्हता, हे लिहून ठेवून या खेपेस तळमजल्याची खोली देणे, यास वहीचे एक पान लागते. शेगावच्या श्रीगजाननमहाराज संस्थानच्या भक्तनिवासात लोक पुन्हा पुन्हा जातात ते पॉइंटांसाठी नव्हे. तेथील स्वच्छता आणि सेवेकऱ्यांची नम्रता यांसाठी जातात. पाहुण्याची निष्ठा अशीही मिळते, आणि ती टिकते.

ज्ञातिबंधुभगिनींनो, निष्ठा हा शब्द आपल्या भाषेत मोठा आहे. तो आपण मातापित्यांविषयी, गुरूविषयी, दिलेल्या शब्दाविषयी वापरतो. व्यापाराने तो उचलला याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याचा मूळ अर्थ आपण विसरू नये. हॉटेल कंपनीची निष्ठा तिच्या भागधारकांशी असते आणि बँकेची तिच्या ताळेबंदाशी, आणि ते त्यांच्या जागी योग्यच आहे. आपली निष्ठा आपल्या घरच्या खातेवहीशी असावी. ती वही जुळत असेल तर मोठ्या हॉटेलात अवश्य राहावे, पांढऱ्याशुभ्र चादरीवर स्वस्थ निजावे, आणि आईवडिलांसही एकदा तेथे न्यावे. त्यांनी आयुष्यभर धर्मशाळेच्या फरशीवर काढलेल्या रात्रींचे ते थोडे उतराईपण होईल.

शेवटी मंडळास एक सूचना करतो. दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या दिवशी एक तास असा ठेवावा, की ज्यात नोकरीस लागलेल्या मुलामुलींस व त्यांच्या पालकांस एकत्र बसवून कार्डाचे एक बिल ओळ न् ओळ वाचून दाखवावे. फळा आणि खडू मिळाल्यास ते काम करण्यास आम्ही आनंदाने येऊ.